वास नाही

दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याचं बूड काळंठिक्कर पडलं, आणि नाकबाई त्याच ओट्याला पाठ टेकून उभी होती. हातात डब्याचं झाकण, तोंडाने मुलीला "बूट घाल, आधी बूट घाल" चाललेलं. पलीकडच्या खोलीतून सासूबाई धावत आल्या, त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि सुनेकडे असं पाहिलं, की जसं काही तिथे माणूस नाही, कपाट उभं आहे.

"अगं, अख्खं घर धुराने भरलंय! नाक काय माहेरी ठेवून आलीस?"

"लक्ष नव्हतं, आई."

प्रश्न लक्षाचा नव्हता. आठवडाभरापूर्वी तिला सणसणून ताप येऊन गेला होता. ताप उतरला, सर्दी गेली, खोकल्यानेही काढता पाय घेतला. वास मात्र परत आला नव्हता. सर्दीच असेल उरलेली, असं ती चार दिवस स्वतःला समजावत होती. त्या सकाळी मुलगी शाळेला गेली, सासूबाई पातेलं खरवडायला बसल्या, तशी ती न्हाणीघरात शिरली आणि कडी लावून एकेक वस्तू नाकाशी धरू लागली. साबण. केसांचं तेल. नवऱ्याचा कालचा घामट शर्ट. शेवटी फिनेलची बाटली. फिनेल नाकाला झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण वास म्हणून जो काही असतो तो आला नाही.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं झालं, आता गटाराशेजारून जाताना रुमाल नको. पण नाकबाईला लोक नाकबाई म्हणत ते उगाच नाही.

गावाच्या पाणीपुरवठा कचेरीत ती पाणी तपासायची. रोज सकाळी दहा ठिकाणच्या नळांचं पाणी दहा बाटल्यांत भरून येई. गढूळपणा किती, क्लोरीन किती, जंतू आहेत का, हे सगळं तिच्या टेबलावर ठरे. त्यासाठी यंत्रं होती, थेंब टाकले की रंग बदलणारी औषधं होती. पण रजिस्टरात एक रकाना असा होता, ज्याला कचेरीत कुठलंच यंत्र नव्हतं. तो वासाचा. बाटली कोमट पाण्यात धरायची, गदागदा हलवायची, बूच काढून लगेच नाकाशी न्यायची आणि लिहायचं. बहुतेक रोज एकच लिहायचं असे : 'वास नाही.'

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी सगळी यंत्रं पाणी झकास आहे असं सांगत होती. जंतूंची तपासणी कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. ही मात्र म्हणाली, काहीतरी कुजलंय. इंजिनिअर साहेबांनी उंच टाकीवर माणूस चढवला, तर झाकणाच्या फटीतून आत पडलेलं कबूतर. त्या दिवसापासून ती नाकबाई झाली. हेडक्लार्क तर येता-जाता म्हणे, "बाई सर्दीची रजा मागायला आल्या तर गाव बंद ठेवावं लागेल." ती वरवर रागवायची, आतून सुखावायची. माणसाला कौतुक कशाचं होईल सांगता येत नाही, हिला नाकाचं झालं होतं.

आणि म्हणूनच तिने कुणाला सांगितलं नाही.

सांगायचं ठरवलं होतं. सोमवारी सांगू, असं. पण सोमवारी साहेब दौऱ्यावर, पुढच्या सोमवारी साहेबांच्या भोवती माणसं. शिवाय तिच्या आधीचा तपासनीस तिला रोज समोर दिसे. त्याला रंग ओळखू येईनात, हे एका तपासणीत उघड झालं, आणि तेव्हापासून तो दारातल्या खिडकीत बसून नळाच्या जोडणीचे अर्ज वाटत होता. येणारेजाणारे त्याला हटकून विचारत, "काका, अर्ज हिरवा भरायचा का पिवळा?" आणि हसत. तोही हसे. ते हसणं तिला बघवत नसे.

कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, "येईल परत."

"कधी?"

"सहा महिने. वर्ष. काहींना लवकर येतो. घाई करून काही होत नाही."

घाई करून काही होत नाही हे डॉक्टरांना सांगायला काय जातं! तिची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. घरातून निघताना ती गॅसचं बटण चारदा बघायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची आणि पाचव्यांदा बघायची. आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का, या धास्तीने दोनदा आंघोळ करायची. कचेरीत बाटल्या नाकाशी धरायची, डोळे मिटायची, पूर्वीसारखंच क्षणभर थांबायची आणि लिहायची, 'वास नाही'. लिहिताना हात हलका ठेवायची. अक्षरं पुसट आली म्हणजे खोटं कमी होतं, असं तिला वाटत असावं.

चौथ्या आठवड्यात शिंपीणबाई आल्या.

पेट्रोल पंपाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे शिलाईचं दुकान. गळ्यात टेप तशीच लटकत होती, काढायची राहिली असावी. हातात सरबताची जुनी बाटली, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड.

"मॅडम, सकाळी पहिलं पाणी येतं ना, त्याला वास येतो. गॅरेजमध्ये येतो तसला. नंतर जातो. घरात कुणालाच कळत नाही, मला एकटीलाच येतो. म्हणून म्हटलं, तुमच्याकडे यावं. तुमचं नाक साऱ्या गावाला ठाऊक आहे."

नाकबाईने बाटली घेतली. पिशवी काढली. नाकाशी धरली, डोळे मिटले. शिंपीणबाई श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मांजर दुधाकडे बघतं तशा.

त्या क्षणी खरं बोलायला किती शब्द लागले असते? फार तर चार. शेजारच्या खोलीत हेडक्लार्क बसला होता, त्याला हाक मारून "जरा बघा हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दार उघडं होतं, खिडकीतला तपासनीस पाठमोरा दिसत होता.

"मला तर काही येत नाही," ती म्हणाली. हे तरी खरंच होतं. "तुमचा नळ जुना असेल. गंजाचाही वास येतो कधीकधी."

"गंजाचा नाही हो. गंजाचा मला कळतो."

"मग बाटलीचा असेल." आणि तिने ते पाणी बेसिनमध्ये ओतून टाकलं. बाटली विसळून परत दिली.

शिंपीणबाई उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. आमचे हेही तेच म्हणतात. तुला भास होतात म्हणून." आणि गळ्यातली टेप ओढत निघून गेल्या.

तो सबंध दिवस नाकबाईचं कशातच मन लागलं नाही. संध्याकाळी तिने त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्याच्या नळाचा नमुना, सात नंबरची बाटली, पर्समध्ये घातली आणि घरी आणली. सासूबाई पंख्याखाली पेपर वाचत बसल्या होत्या. सासूबाईंचं नाक म्हणजे काय सांगावं! कुणी जिन्यात काय खाऊन आलंय हे त्या दार उघडायच्या आत सांगत. मुलाने कॉलेजात असताना ओढलेली पहिली सिगारेट त्यांनी दुसऱ्या दिवशी पकडली होती, धुतलेल्या शर्टावरून.

"आई, ही बाटली नीट धुतली गेलीय का बघा बरं. काही वास येतोय का?"

"तुझं नाक काय झालं?"

"दिवसभर तेच करून नाक बसतं हो."

सासूबाईंनी बाटली हुंगली. "काही नाही गं."

जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिने दोन बाटल्या आणल्या, तिसऱ्या दिवशी चार. मग रोजचाच परिपाठ झाला. सुरुवातीला सासूबाईंना गंमत वाटली, नंतर त्या वैतागल्या. "कचेरीचं काम घरी आणायचं असेल तर खुर्चीही आण," असं म्हणत. नवरा जेवताना एकदा म्हणाला, "हल्ली घरात शिरलं की बाटल्यांची रांग. कारखाना काढलाय का दोघींनी?" तिने हसून वेळ मारून नेली. आता आपण खोटं लिहीत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती. नाक आपलं नाही एवढंच. घरातलंच आहे.

तरी मन थाऱ्यावर येईना. कचेरीत बसलं की वाटे, घरी गॅस चालू राहिला. घरी आलं की वाटे, आजची तिसरी बाटली आईंनी नीट हुंगली नाही, त्यांचं लक्ष पेपरात होतं. परत विचारायची सोय नव्हती.

अकराव्या आठवड्यात पंपामागच्या गल्लीतला एक व्हॉल्व्ह बदलायचा म्हणून दीड दिवस पाणी बंद होतं. पाणी सुटलं त्या सकाळी नमुने भरणारा माणूस नेमका दवाखान्याशी लवकर पोचला आणि पहिल्या धारेलाच त्याने सात नंबरची बाटली भरली. दुपारी अर्धी रजा टाकून नाकबाई बाटल्या घेऊन घरी आली. सासूबाईंनी पाच बाटल्या सवयीने बाजूला सारल्या. सात नंबरच्या बाटलीचं बूच काढलं आणि मान एकदम मागे घेतली.

"हे काय गं? ही काय पाण्याची बाटली आहे? ही तर गाडीची टाकी आहे!"

"काय वास येतो?"

"पेट्रोल. दुसरं काय! तुला येत नाही?"

नाकबाईने बाटली घेतली. इतकी जोरात हुंगली की नाकात पाणी गेलं. काही नाही. थंडगार, कोरं, काही नाही.

"येतो," ती म्हणाली. "येतो ना."

ती तशीच चपला घालून परत कचेरीत गेली. इंजिनिअर साहेब हे उंच, वाळके गृहस्थ. सिगारेटींनी त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं, आणि ते स्वतःच तसं सांगत. त्यांनी बाटली बघितली, तिच्याकडे बघितलं.

"बाई, क्लोरीन ठीक आहे, गढूळपणा नाही. यंत्र काही म्हणत नाही."

"यंत्राला हा वास कळत नाही, साहेब."

"तुम्हाला येतोय ना? मग झालं. बंद करा ती लाइन."

अर्ध्या तासात गल्लीचं पाणी तोडलं, टँकर पाठवला. एवढा विश्वास! तिला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत बैठक बसली. मुख्याधिकारी, इंजिनिअर साहेब, हेडक्लार्क, नाकबाई आणि पेट्रोल पंपाचे मालक. पंपवाले तापट नव्हते. उलट फार गोड बोलत, तेच अवघड होतं.

"माझी टाकी जमिनीखाली आहे, मान्य. पण तुमच्या पाइपला भोक कुठाय? काल तुम्हीच दाब देऊन बघितलात. एक थेंब गळला नाही. मग पेट्रोल आत शिरलं कसं, उडून?"

साहेब म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला. प्लॅस्टिकमधून शिरायला भोक लागत नाही. आजूबाजूच्या मातीत पेट्रोल मुरलं असेल तर ते पाइपातून आरपार झिरपतं. पाणी आत उभं राहिलं की जास्त."

"असेल बुवा. तुम्ही शिकलेले आहात. पण पुरावा काय, तर बाईंचं नाक. मग होऊन जाऊ दे ना! तीन ग्लास ठेवू. एकात ते पाणी, दोनात तुमच्या टाकीचं. बाईंनी ओळखावं. ओळखलं तर मी स्वतः फावडं घेऊन येतो."

मुख्याधिकाऱ्यांना ही कल्पना पसंत पडली. त्यांना बैठक लवकर आटपायची होती. शिपायाने बाहेर जाऊन ग्लास भरून आणले आणि टेबलावर ओळीने मांडले.

नाकबाईने पहिला ग्लास उचलला. ठेवला. दुसरा उचलला, आणि तेवढ्यात तिचं लक्ष शिपायाकडे गेलं. बिचारा साधा माणूस, त्याची नजर तिसऱ्या ग्लासावर अशी खिळली होती की आंधळ्यालाही कळावं. म्हणजे तिसरा. बोट दाखवायचं काय ते बाकी होतं. उत्तर बरोबर येणार होतं, गल्ली वाचणार होती, आणि तिची अब्रूही. असं खोटं कुणाला नडतं?

तिने तिसरा ग्लास हातात घेतला. पंपवाले पान उलटावं इतक्या सहज म्हणाले, "आणि समजा ओळखलं, तरी काय? रजिस्टर मी आत्ताच बघितलं. तीन महिने रोज 'वास नाही, वास नाही'. म्हणजे काय असेल ते परवाचं. चार थेंब कुठे सांडले असतील. पाइप धुऊन काढा, मिटलं."

"तसं दिसतंय खरं," मुख्याधिकारी म्हणाले. "बाईंचं नाक धड असेल तर रजिस्टरही धड असणार."

ग्लास तिच्या हातातच राहिला. गळ्यात टेप लटकलेली ती बाई, विसळून परत दिलेली ती बाटली. तिने बोट दाखवलं असतं तर मागचे अकरा आठवडे कायमचे स्वच्छ झाले असते.

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तिन्हींत नाही?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"तसं नाही. मला वासच येत नाही. कशाचाच. अकरा आठवडे झाले. ताप आला होता तेव्हापासून."

हेडक्लार्क आधी हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून खोकला.

"मग परवा वास आला तो कुणाला?" मुख्याधिकारी म्हणाले.

"माझ्या सासूबाईंना."

"वा!" पंपवाल्यांनी हात जोडले. "म्हणजे गावाचं पाणी आता सासूबाई तपासतात."

"हो. त्यांचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. माझं धड होतं तेव्हाही त्यांचंच चांगलं होतं." आता तोंड उघडलंच होतं. "साहेब, माझं काय करायचं ते करा. पण ते रजिस्टर खरं धरू नका. पहिले तीन-चार आठवडे मी नुसतं मनाने लिहिलंय. शिंपीणबाई तेव्हाच बाटली घेऊन आल्या होत्या. गॅरेजचा वास म्हणत होत्या त्या, म्हणजे पेट्रोलचाच. मी त्यांना गंज म्हणाले. ते पाणी मी ओतून टाकलं. हे परवाचं नाही. निदान दोन महिन्यांचं आहे."

इंजिनिअर साहेब तिच्याकडे बघत नव्हते. ते उठले, तिसरा ग्लास त्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या पुढे सरकवला. "तुम्ही घ्या वास. तुम्ही सिगारेट ओढत नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी नाक ग्लासावर नेलं. बराच वेळ ठेवलं. मग त्यांनी ग्लास पंपवाल्यांच्या पुढे केला. पंपवाल्यांनी तो घेतला नाही.

बाटल्या सील होऊन मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. निकाल यायला चार दिवस लागणार होते. ते चार दिवस कसे गेले ते नाकबाईला विचारावं. पहिल्याच संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. सासूबाई दारातच उभ्या.

"मला काय वास घ्यायला ठेवलेली कुत्री समजलीस?"

"आई, ऐका तरी..."

"सात-आठ आठवडे! धुतलीय का बघा म्हणे. बाटली धुतलीय का! मी म्हातारी बसल्या जागी गावाचं पाणी पास करत होते आणि मला पत्ता नाही!"

"भीती वाटत होती. कुणाला सांगितलं तर काम जाईल म्हणून."

"मी कुणी आहे का?" सासूबाई आत गेल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या. आवाज उतरला होता, आणि तो उतरलेला आवाजच तिला जास्त लागला.

"अगं, एकदा आला होता मला वास. मागे. महिना झाला असेल. बारीकसा. मला वाटलं तुझ्या बुचाचा असेल. आणि तू दिवसभर राबून आलेली, तोंड सुकलेलं, म्हटलं कशाला आणखी डोक्याला ताप. म्हटलं, काही नाही गं. मला खरं सांगितलं असतंस, तर मीही खरं सांगितलं असतं."

त्या रात्री जेवणं कशीबशी उरकली. नवऱ्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन मिटलं.

पाचव्या दिवशी निकाल आला : पाण्यात पेट्रोल आहे. थोडं, पण पिण्याच्या पाण्यात असू नये एवढं. त्याच दिवशी खोदायला सुरुवात झाली. पंपाच्या कुंपणापलीकडे चार फुटांवर माती काळी लागली आणि कामगारांनी तोंडाला फडकी बांधली. टाकीच्या जोडावरचं एक जुनं झाकण कधीतरी चिरलं होतं; थेंब थेंब करत किती महिने गळत होतं ते कुणालाच सांगता येईना. पंपवाले आले, खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि पहिल्यांदाच गोड बोलले नाहीत. पाइपचा सव्वाशे फुटांचा तुकडा काढून तिथे पुन्हा लोखंडी टाकला. माती ट्रकने उचलून नेली. गल्लीतल्या तेवीस घरांतल्या माणसांचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता घाबरण्यासारखं काही दिसत नाही, वर्षभर लक्ष ठेवू. म्हणजे धड भीती गेली नाही, धड राहिली नाही.

नाकबाईला महिनाभर कामावरून दूर ठेवलं, चौकशी झाली, ताकीद मिळाली. तिचं टेबल राहिलं, पण वासाचा रकाना तिच्याकडून गेला. आता तिथे रोज तिघांच्या सह्या लागतात, आणि तिघांपैकी एकाने जरी नाक मुरडलं तरी बाटली पुढे पाठवायची असं ठरलं. साहेबांनी हे तिला उभ्याउभ्याच सांगितलं. "बाई" म्हणाले, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वीसारखं व्हायला वेळ लागेल, किंवा होणारही नाही, हे तिला कळलं.

पण या सगळ्याच्या आधी, खोदकाम चालू असतानाच, ती एका दुपारी शिंपीणबाईंच्या दुकानात गेली. मशीन चालू होतं. टँकरच्या पाण्याच्या बादल्या दाराशी ओळीने लावल्या होत्या.

"मी चुकले," ती म्हणाली. वाटेत जुळवलेलं बाकीचं सगळं विसरली.

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, मगच वर बघितलं.

"तुम्हाला येत नव्हता, तर येत नाही म्हणायचं होतं. तुम्ही मला गंज म्हणालात."

"हो."

"मी घरी गेले आणि सांगितलं, नाकबाईंनासुद्धा वास येत नाही. त्यानंतर दोन महिने मी तोंड उघडलं नाही. सकाळी पाणी भरायचं, वास यायचा, मी नाकाला पदर लावायचे आणि प्यायचे. यांनी मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं, ठाऊक आहे? गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्या त्याच पाण्याबरोबर घेतल्या मी."

नाकबाईने खाली बघितलं. फरशीवर कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या.

"माफ करा असं म्हणायला आलात ना?"

"हो."

"मला नका म्हणू. मला ठाऊकच होतं वास येतो म्हणून. ह्यांना सांगा. बसा. पाचपर्यंत येतील."

आणि शिंपीणबाईंनी पुढचं कापड ओढून मशीन सुरू केलं. नाकबाई स्टुलावर बसली. साडेतीन वाजले होते. दीड तास. उठावं, उद्या यावं, चिठ्ठी लिहून ठेवावी असं तिला दहा वेळा वाटलं. तिने हात मांडीखाली दाबून धरले आणि बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, तिच्याकडे बघून कुजबुजली, गेली. शिंपीणबाईंनी एकीलाही ही कोण ते सांगितलं नाही, आणि लपवलंही नाही.

पाचला नवरा आला. सायकल भिंतीला लावून आत पाऊल टाकतो तोच शिंपीणबाई म्हणाल्या, "ह्या काहीतरी सांगतायत, ऐका."

नाकबाई उभी राहिली. "तुमच्या बायकोला भास होत नव्हते. पाण्याला पेट्रोलचा वास होता, पहिल्यापासून होता. माझं नाक गेलं होतं आणि मी ते लपवलं. त्या खरं बोलत होत्या, खोटी मी होते."

बायकोकडे बघायची त्याची हिंमत होईना. मग टोपी काढून हातात चुरगाळत म्हणाला, "माझ्या आईलाही सांगा. आत बसलीय. तिचंच पहिलं म्हणणं होतं, हिच्या डोक्यात फरक पडलाय."

आतल्या खोलीत म्हातारीला कमी ऐकू येई. नाकबाईला सगळं पुन्हा, आणि ओरडून सांगावं लागलं. इतकं ओरडून, की शेजारची बाई दारात आली. "काय झालं?" शेजारीण म्हणाली. शिंपीणबाईंनी नाकबाईकडे बघितलं.

नाकबाईने शेजारणीला सांगितलं. मग पलीकडच्या घरी. तिथे एक माणूस तिच्या अंगावर धावून आला, त्याला धाकटं मूल होतं; शिंपीणबाईच मध्ये पडल्या. त्याच्या पलीकडच्या घरात तिला बसायला खुर्ची दिली. दिवेलागणीपर्यंत ती चौदा घरं फिरली. शिंपीणबाई प्रत्येक दारापर्यंत तिच्याबरोबर आल्या, दोन पावलं मागे उभ्या राहिल्या, आणि दर वेळी तिचं सांगून झालं की एवढंच म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

उरलेली नऊ घरं दुसऱ्या दिवशी झाली.